धुऱ्यावरून ओळखलेलं गवत

भोयर सरांना गवताचा फोटो पाठवला की एकच उत्तर यायचं : 'गळा दाखवा.'

फोटो पाठवणारे पुष्कळ होते. गोंडपिपरीपासून मुलचेऱ्यापर्यंत ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, काही अनोळखी उगवे, तो मोबाइल काढी आणि तुऱ्याचा छान फोटो घेई. लग्नातल्या नवरीसारखा, चेहरा नीट यावा असा. सरांना चेहऱ्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना गळा हवा असे. पान खोडाला वेढून वर येतं आणि एका जागी त्याच्यापासून सुटतं, तो सांधा. एकदा कॉलेजच्या ग्रुपवर हे 'गळा दाखवा' वाचून एका पालकाने आपल्या पोराचा आ वासलेला फोटो पाठवून दिला. सरांनी तोही मोठा करून पाहिला आणि लिहिलं, 'सूज दिसते. मी गवताचा आहे. डॉक्टरले दाखवा.'

आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी मराठी शिकवत असे, ते वनस्पतिशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, आणि त्यांच्या खुर्चीखाली बहुधा थोडा चिखल असे. माणूस काटकुळा, मान लांब आणि त्या मानेभोवती बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग. नाडी होती, बूट नव्हते. पायात रबरी चपला, आणि पाणी दिसलं की त्याही हातात. प्राचार्यांनी एकदा सगळ्यांसाठी निळ्या कोटाचा गणवेश काढला तेव्हा सरांनी कोट घातला, पण पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेलीच राहिली. वरून प्राध्यापक, खालून रोवणीचा गडी.

घुग्घुसला एका परीक्षेच्या कामासाठी आम्ही एसटीने चाललो होतो. पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली आणि बस थांबली. सर खिडकीतून बाहेर पाहत होते. मला वाटलं, वैतागलेत. बघता बघता ते उतरले, रस्त्याकडेच्या डबक्यात शिरले आणि वाकले. रांग हलली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. सर आपल्या प्यायच्या पाण्याने एका गवतावरची काळी धूळ धूत होते. शेवटी चपला हातात घेऊन, ओलेते, बसच्या दारात आले आणि कंडक्टरला मोठ्या काळजीने म्हणाले, "हे इथी नसाले पाहिजे."

"सर," कंडक्टर म्हणाला, "तुम्हीबी इथी नसाले पाहिजे. बसा."

सर बसले. पुढचा अर्धा तास ते गवत त्यांच्या मांडीवर होतं आणि ज्या कामाला आम्ही निघालो होतो ते त्यांच्या डोक्यातून गेलेलं होतं.

वर्गातली त्यांची पद्धत मी दारातून पुष्कळदा पाहिली आहे. श्रावणात ते प्रत्येक पोराच्या हातात दोन काड्या देत. एक धानाची, एक पाखडाची. पाखड म्हणजे धानात उगवणारं गवत. त्याचा तुरा आला की आंधळाही ओळखेल, पण तुरा येईपर्यंत, पऱ्ह्यात म्हणजे रोपांच्या वाफ्यात तर विशेषच, ते धानाचं सख्खं भावंड वाटतं. मुलं सगळी शेतकऱ्यांची. ती दोन्ही काड्या पाहून म्हणत, "धान."

"हाच एक चोर आहे," सर म्हणत, "ज्याले आपण आपल्या हातानं घरात नेतो. पऱ्ह्यात उगवते, पऱ्ह्यासंगं उपटते, अना बाया त्याले रोवतेत बी रांगेत. वरून खत देतेत. आता गळा पाहा."

मुलं पान हळूच मागे वाकवत. धानाच्या गळ्याशी कांद्याच्या सालीसारखी पातळ, पांढरी जिभली असते. पाखडाला ती नसते. तिथे नुसता गुळगुळीत सांधा. एवढाच फरक. पण एकदा पाहिला की कधी न विसरण्यासारखा.

एखाद्याला तरीही सांगता येत नसे. तो काडी उलटीसुलटी करी, त्याचे कान लाल होत. अशा वेळी सर त्याच्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर पाहू लागत, जणू मैदानावर काही विशेष घडतं आहे. आमच्या मैदानावर बकऱ्यांखेरीज काही घडत नसे. मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "कोणाले लाज वाटून राह्यली तं त्याच्याकडं पाहू नये. पाह्यलं तं तो शिकत नाई, लपते."

हे मी तेव्हा एक वाक्य म्हणून लक्षात ठेवलं. मराठीच्या मास्तरांना ती खोड असते.

गोंडपिपरीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात बायांच्या बचत गटाने धानाच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता. बियाणं नवीन वाणाचं, बाहेरून आलेलं. पिकलं की ते बियाणं म्हणून गटाच्या नावाने विकायचं ठरलं होतं. गटाच्या प्रमुख पुष्पाबाई. आवाज खणखणीत, बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी पीक हातात यायच्या आधीच गटाचं नाव छापलेल्या पिशव्या करून आणल्या होत्या. गावातल्या बायांचं नाव त्याआधी कशावर छापलं गेलं असेल तर ते लग्नाच्या पत्रिकेवर, तेही नवऱ्याच्या नावाखाली.

पोळ्याच्या आसपास त्या प्लॉटला मोठ्या पाहुण्यांची भेट ठरली. आपल्याकडे शेतालाही पाहुणे आल्याशिवाय पीक आल्यासारखं वाटत नाही. बांधीशेजारी मंडप पडला. फ्लेक्सवरचे चेहरे धानापेक्षा उंच होते. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, हिरवा गालिचा अंथरला होता. नजर पोचेल तिथपर्यंत हिरवंच होतं, तरी. कॉलेजकडून तज्ज्ञ म्हणून भोयर सर आणि गर्दी म्हणून आम्ही.

प्राचार्यांनी सरांना आदल्या दिवशी बजावलं होतं, "सर, कॉलेजची इज्जत आहे. उद्या तरी जोडे घाला." सरांनी जोडे घेतले. काळे, चकचकीत, नाड्यांचे. त्या दिवशी ते स्टेजवर असे बसले होते की जणू दोन्ही पाय दुसऱ्या कोणाचे आहेत आणि थोड्या वेळासाठी सांभाळायला दिलेत. सूत्रसंचालकाने त्यांना 'गवतांचं चालतंबोलतं विद्यापीठ' म्हटलं. शाल दिली, नारळ दिला. सर लाजले, पण मला दिसलं की त्यांना ते आवडलं. का आवडू नये? सगळं आयुष्य डबक्यात वाकून काढलेल्या माणसाला एकदा कोणी उभं करून हार घातला, तर आवडणारच.

मग सगळे गालिच्यावरून प्लॉट पाहायला निघाले. बांधीत घोटाभर पाणी होतं. धानात जागोजागी काही उंच, बुडाशी तांबूस गठ्ठे उठून दिसत होते. बायांनी ते पाहिले होते, पण वाण नवीन, कदाचित ते असंच असेल. शिवाय पाहुणे येऊन जाईपर्यंत प्लॉटला हात लावायचा नाही असं वरून सांगितलेलं. मुख्य पाहुण्यांनी बोट केलं.

"सर, हे उंच उंच काय आहे?"

सर थांबले. उजव्या हातात नारळ. डावा हात भिंगाकडे गेला, तर भिंग शालीखाली अडकलेलं. त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं, मग जोड्यांकडे. पाहुण्यांची गाडी सुरू करून ठेवलेली होती, तिचा आवाज येत होता.

"इथूनच सांगा सर, वेळ नाही," कोणीतरी म्हणालं.

"रानधान दिसते," सर म्हणाले.

रानधान म्हणजे जंगली धान. पाणथळीत, तलावाच्या काठाने आपोआप वाढणारं. धानाच्याच कुळातलं, त्यामुळे त्याचं प्रत्येक रोप निवडून उपटता येत नाही. त्याचा दाणा पिकायच्या आधीच गळून चिखलात पडतो, आणि एकदा बांधीत शिरलं की वर्षानुवर्षं निघत नाही. बियाण्याच्या प्लॉटमध्ये ते असणं म्हणजे दुधात विष. सूत्रसंचालकाच्या हातात अजून माइक होता. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की आपल्या तज्ज्ञांनी रानधान पकडलं आहे. टाळ्या पडल्या. सोबतच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की आजूबाजूच्या बांध्यांना धोका नको, तुरे यायच्या आत प्लॉट कापून टाकावा. पाहुणे गेले.

बायांनी पीक कापलं. आपलं रोवलेलं, हिरवंगार, कंबरेला लागणारं पीक. ते सगळं गोठ्यांत गेलं, गावातल्या बैलांचा पोळा त्या वर्षी लांबला. वर्तमानपत्रात 'प्राध्यापकांच्या सतर्कतेने संकट टळले' अशी बातमी आली, आणि प्राचार्यांनी ती फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावली.

काही दिवसांनी सर त्या गावी एकटेच गेले. त्यांना संग्रहासाठी रानधानाचा नमुना हवा होता. प्लॉटच्या कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला, कापायचा राहिलेला एक गठ्ठा उभा होता आणि त्याला तुरा आला होता. तो पाखडाचा होता.

ते मला त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तो गठ्ठा ठेवला होता. "पाहा," म्हणाले. मी तुऱ्याकडे पाहिलं. "तुरा नोका पाहू. गळा पाहा." मी पान वाकवलं. जिभली नव्हती. माझ्यासारख्या मराठीच्या माणसालाही एका क्षणात कळलं. पाखड आहे हे त्या दिवशीच कळलं असतं तर बायांनी ते एका दुपारी निंदून धुऱ्यावर फेकलं असतं आणि पीक उभं राहिलं असतं.

मी मित्रधर्माला जागून वकिली केली. म्हटलं, "तुम्ही 'दिसते' म्हणालात सर. 'आहे' म्हणाला नाहीत. कापायचं तर तुम्ही सांगितलंच नव्हतं."

"पाह्यलंच नाई," सर म्हणाले, "तं दिसंन कसं?"

नाही बोलले तरी चाललं असतं. कापलेल्या पिकाची ओळख कोण पटवणार? मी तसंही सुचवलं असावं. सरांनी गठ्ठा उचलला आणि म्हणाले, "माह्यासंगं चालता का जी? एकट्यानं माह्या तोंडून निंगणार नाई."

आम्ही त्यांच्या मोपेडवर गेलो. सर चपलांवर आले होते. पुष्पाबाईंच्या अंगणात बाया जमल्या. गावात कोणी शिकलेला माणूस आला की त्याला खाली बसू देत नाहीत, पण खुर्ची एकच होती, ती मला मिळाली. सरांसाठी एकीने घरातून काहीतरी आणून अंथरलं. ती गटाच्या नावाची पिशवी होती, नवी कोरी, घडी न मोडलेली. सरांनी खाली पाहिलं, अक्षरं वाचली आणि ते उभेच राहिले.

"बाई, ते रानधान नव्हतं. पाखड होतं," ते म्हणाले. "माही चूक झाली." आणि गठ्ठा पुढे धरला.

तो हातोहात फिरला. तुरा पाहायला कोणाला भिंग लागलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "असू द्या जी सर. मोठ्या मानसाच्या हातूनबी होते."

पुष्पाबाईंनी गठ्ठा खाली ठेवला. "म्हणजे निंदलं अस्तं तं झालं अस्तं?"

"हो."

"एका दुपारचं काम होतं सर."

"हो."

"मंग त्या दिवशी तुम्ही खाली काऊन नाई उतरले? बाकी वेळी तं आमच्या नाल्यात म्हशीवानी पडून राहता."

एकजण फिस्सकन हसली आणि पदर तोंडावर घेतला. सर पायांकडे पाहत होते.

"जोडे होते बाई," ते म्हणाले. "नवे."

मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या आहेत. आमच्या पेशात, सभांमध्ये, निरोप समारंभांत. त्यांच्यात माणूस नेहमी आपल्या चुकीला थोडी उंची देतो. परिस्थिती, काळ, नियती असं काही तरी बाजूला उभं करतो. जोड्यांचं नाव घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या क्षणी मलाच खुर्चीत बसवेना, आणि उठावं तर ते नाटक दिसेल म्हणून उठवेना.

पुष्पाबाई आत गेल्या. "चा मांडते," एवढंच म्हणाल्या. माफी त्यांनी दिली नाही. चहा दिला. सरांनी तो उभ्यानेच प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

त्यानंतरची सरांची धडपड पाहणं मला जड गेलं. प्लॉट कापायला सांगणाऱ्या साहेबांकडे ते गेले, झालेली चूक लिहून घ्या म्हणून. साहेब म्हणाले, "आता फाइल बंद झाली सर. उकरून तुमचंच नाव खराब होईल." ते प्राचार्यांकडे गेले, ती फ्रेम काढा म्हणून. प्राचार्य म्हणाले, "राहू द्या ना सर, भिंत भरलेली दिसते." मग सर येता-जाता ती भिंत टाळायला वाट वाकडी करू लागले. फ्रेम ऑफिसच्या दारातच होती. ते मागच्या बाजूने, सायकल स्टँडवरून वळसा घालून यायचे. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं. त्याचं त्यांना काही नव्हतंच.

जोडे त्यांनी परत घातले नाहीत. फेकलेही नाहीत. डिपार्टमेंटच्या कपाटावर, वाळवलेल्या गवताच्या गठ्ठ्यांशेजारी ते ठेवलेले होते. पोरांना वाटे, सर विसरलेत. वर्गातला एक बदल मात्र माझ्या लक्षात आला. आता पोराला काडी ओळखता आली नाही की सर खिडकीकडे वळत, आणि ओळखता आली तरीही वळत.

मग निवृत्ती आली. सभागृह, शाल, नारळ, तोच सूत्रसंचालक. प्राचार्यांनी भाषणात सरांच्या आयुष्यातला सुवर्णक्षण म्हणून ती बातमी अथपासून इतीपर्यंत वाचली. सर उभे राहिले. त्यांनी माइक मागितला. त्यांना माइक कसा धरायचा ते माहीत नव्हतं, त्यामुळे पहिलं वाक्य कोणाला ऐकूच आलं नाही. दुसरं आलं.

"ते खोटं आहे. मी चुकलो होतो. ते पाखड होतं. माह्या बोलण्यानं बायांचं उभं पीक कापल्या गेलं. मी खाली उतरलो नाई, कारण माहे जोडे खराब झाले असते."

मग टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत. काही लोक उभे राहिले. प्राचार्य माइक घेऊन गहिवरून म्हणाले, "पाहा, हाच तो मोठेपणा! एवढं करूनही नम्रता किती!"

सरांचे ओठ हलले, पण माइक गेला होता. ते टाळ्यांकडे पाहत राहिले. खरं सांगूनही लाज कुठे उतरवता येऊ नये, लोकांनी ती पुन्हा शालीसारखी घडी करून खांद्यावर ठेवावी, असा तो चेहरा होता. त्यांनी मला शोधलं. माझे हात मांडीवर होते. पण शेजारचे पाहुणे माझ्याकडे पाहू लागले होते, म्हणून मीही हलकेच दोन टाळ्या वाजवल्या. सरांनी मान दुसरीकडे वळवली. खिडकीकडे.

शेवटचं दर्शन त्याच गावात झालं.

मुलचेऱ्याला एका सत्कारात भाषण करून मी गाडीने परतत होतो. रोवणीचे दिवस. रस्त्यालगतच्या बांधीत बायांची रांग वाकलेली होती, आणि धुऱ्याजवळ उपटून ठेवलेल्या पऱ्ह्याच्या पेंढ्यांपाशी कोणीतरी चिखलात फतकल मारून बसलं होतं. मानेभोवतीची बुटाची नाडी ओळखीची वाटली. मी गाडी थांबवली.

सर पेंढी सोडत, एकेक रोप डोळ्यांपाशी नेत, पान वाकवून गळा पाहत. जिभली असली की रोप उजवीकडे, नसली की डावीकडे. बाया रोपं मागत होत्या आणि मिळत नव्हती.

"सर, पेंढी फेका जी!" पुष्पाबाई ओरडल्या. "तुमच्यानं आमचा रोवणा दिवाळीले होईन!"

"पाहून राह्यलो बाई."

"पाहा, पाहा. मंग आम्ही थंडीत रोवतो. शाल आना आमच्यासाठी, तुमच्यापाशी हायेतच लई."

रांगेत हशा पिकला. सर हसले नाहीत, पण त्यांनी पेंढी फेकली. गटाने पुन्हा प्लॉट घेतला होता असं पुष्पाबाईंनी मला सांगितलं. छोटा, कोणाला न बोलावता. जुन्या पिशव्या अजून होत्या. "यंदा भरल्या तं भरल्या," त्या म्हणाल्या. "नाई तं सरले त्याच्यात बसवतो." सर दरवर्षी असे येतात, पैसे घेत नाहीत, दुपारची भाकर मात्र आता बसून खातात, हेही त्यांनीच सांगितलं.

मी धुऱ्यावर उभा होतो. पायात भाषणाचे जोडे, हातात गाडीची किल्ली. काहीतरी बोलायला हवं होतं. सरांच्या डावीकडच्या ढिगापलीकडे, पाण्यात, एक रोप एकटंच ताठ उभं होतं. मी म्हणालो, "अरे वा, हे बघा सर, एक धान इथे निसटलं तुमच्या हातून."

सरांनी त्या रोपाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या जोड्यांकडे.

"इथून?" ते म्हणाले.

माझे कान तापले. मी किल्ली खिशात ठेवली आणि नाड्या सोडायला खाली वाकलो. गाठ ओढली गेली होती, सुटता सुटत नव्हती. वर पाहिलं तेव्हा सरांनी माझ्याकडे पाठ केली होती आणि ते लांब, जिथे काहीच नव्हतं तिथे, अगदी लक्षपूर्वक पाहत बसले होते.